सलग वास्तव्यास असून

आईने पाटीवर लिहिलं, ‘सुनावणीला कंडक्टर बोलेल,’ आणि पाटी सगळ्यांना दिसेल अशी छातीशी धरली. खोलीत आई सोडून सात जण होते. सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. सातवी चहा गाळत होती. हात रिकामे नसणं किती सोयीचं असतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

ही सातवी म्हणजे आईची पोटची मुलगी, एकुलती एक. वय एकतीस, नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्याची. खिशाला कायम लाल पेन, म्हणून वसाहतीतली पोरं तिला लालताई म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, ही कुठल्या तरी पक्षाची असणार. मग कोणीतरी खुलासा करायचं, “पक्षाची नाही हो, पेनाची लाल.”

वसाहत जुन्या वीटभट्टीच्या मागे होती. तिथल्या लोकांची नावं मतदारयादीत यावीत म्हणून तीस वर्षांपूर्वी आई, म्हणजे तेव्हाची हॉस्पिटलातली नर्स, एक्केचाळीस दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसली होती. नावं आली. सगळे तिला बाई म्हणू लागले, ते आजतागायत. आणि या वर्षी नव्या यादीतून त्याच वसाहतीतली तीनशे बारा नावं गळली. प्रत्येक नावापुढे पडताळणीच्या कारकुनाचा एकच शेरा: ‘मंगळवारी दोनदा दार ठोठावले, कोणी आढळले नाही.’ कारकून वसाहतीत आलाच नव्हता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ते कागदावर सिद्ध करायचं होतं, सुनावणी एकदाच होणार होती आणि वसाहतीतर्फे एकालाच बोलता येणार होतं. बाईंचा स्वतःचा आवाज दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. उरली होती ती कुजबूज आणि पाटी.

आईची जागा आपण घेणार, हे लालताईने गृहीतच धरलं होतं. नऊ वर्षं अर्ज तिने लिहिले, नकला तिने काढल्या, कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कंडक्टरला येऊन जेमतेम अकरा महिने झाले होते.

कंडक्टर तेवीस वर्षांची, शहर बससेवेत. आवाज असा, की ती मागच्या दारातून ‘पुढे सरका’ म्हणाली की पुढच्या बसमधले लोकही सरकत. तेवढं एक वेळ लालताईने सोसलं असतं. न सोसणारी गोष्ट वेगळीच होती. आई काही कुजबुजली की लालताई दोनदा “काय?” विचारायची, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली ती पोर म्हणायची, “बाईंना उशी हवीय पाठीला.” रोज आठ तास इंजिनाच्या घरघरीत कोण कुठलं तिकीट मागतंय हे ऐकून तिचे कान तयार झाले होते. त्यात कौतुक ते काय? पण आईला कौतुक होतं. पाटीवर कंडक्टरसाठी लिहिलेलं असायचं, ‘आज छान बोललीस.’ मुलीसाठी असायचं, ‘गॅस बारीक कर.’

त्या दिवशी सगळे गेल्यावर लालताईने विचारलंच.

“आई, नऊ वर्षं मी काय केलं?”

आईने लिहिलं, ‘सगळं.’

“मग?”

आईने पाटी पुसली. सावकाश लिहिलं, ‘तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही.’

“माइक असतो आता सगळीकडे.”

आई थोडा वेळ विचारात पडल्यासारखी दिसली. मग तिने पुन्हा पाटी पुसली आणि लिहिलं, ‘दूध उतू जातंय.’

आणि ते खरंच जात होतं.

सुनावणीला तीन आठवडे होते. पोरं वह्या घेऊन घरोघर फिरून जबाब घेत होती. ‘तुम्ही इथे किती वर्षं राहता आणि त्या मंगळवारी कुठे होतात,’ एवढंच विचारायचं. सगळे कच्चे जबाब लालताईकडे यायचे, ती ते नीट करून टाइप करायची, त्यावर माणसाची सही किंवा अंगठा व्हायचा. छापखान्यातल्या सवयीने शुद्ध प्रत निघाली की कच्चा कागद ती रद्दीच्या गोणीत टाकायची. तिच्या कामावर कोणी नजर टाकायचं नाही. नऊ वर्षांत तशी गरज पडली नव्हती.

कंडक्टरने घेतलेले जबाब म्हणजे तिच्या मते पोतंभर भुसा होता. एका संध्याकाळी सगळे जमलेले असताना तिने त्यातला एक काढून टेबलावर ठेवला. शिवणकाम करणाऱ्या बाईचा होता.

“हे काय आहे? ‘मी त्या मंगळवारी घरीच होते कारण माझी दाढ ठणकत होती, कोणी दार वाजवलं असतं तर मी आधी त्यालाच विचारलं असतं की दाताचा डॉक्टर माहितीय का.’ दाढेचा आणि मतदानाचा काय संबंध?”

“ती घरी होती, याचा आहे ना, ताई.”

“मग ‘सदर दिवशी मी घरी उपस्थित होते’ एवढं पुरे.” लाल पेन फिरलं.

“आणि दाढ?”

“दाढ काढली.”

“बरं झालं. डॉक्टरने पैसे घेतले असते,” कंडक्टर म्हणाली, आणि पोरं खो-खो हसली. आईही हसली, आवाजाशिवाय, खांदे हलवत. लालताईने खालच्या तीन ओळी उगीचच अधिक जोरात खोडल्या.

हसणं थांबल्यावर कंडक्टर जरा चाचरत म्हणाली, “पण बाई म्हणतात ना, ज्याचं तोंड त्याचेच शब्द. तेव्हा पायऱ्यांवर त्या तसंच लिहून घ्यायच्या.”

“आई काय म्हणते ते मला तुझ्याकडून कळायची वेळ अजून आलेली नाही.”

कंडक्टरने मान डोलावली, दुसरे चाळीस कागद पिशवीतून काढले आणि टेबलावर ठेवले. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं लालताईला वाटलं. सालस माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं असतं, त्याच्या बाजूने काही मदतच मिळत नाही.

त्या दिवसापासून तिने कुणाचीही गय केली नाही. कंडक्टरचे जबाब ती आधी घ्यायची आणि मुळापर्यंत छाटायची. कोणाची सासू, कोणाची शेळी, कोणाचं बंद पडलेलं घड्याळ, सगळं गोणीत गेलं. उरलं ते स्वच्छ, सरळ, कचेरीत शोभेल असं: ‘मी वरील पत्त्यावर गेली अमुक वर्षे सलग वास्तव्यास असून सदर दिवशी घरी उपस्थित होते.’ दोनशे अठ्ठ्याण्णव जबाब झाले. एकाही ओळीत चूक नव्हती. आता कोण तिथे उभं राहून बोललं तरी काम माझं दिसेल, असं ती मनाशी म्हणायची.

सुनावणीच्या आदल्या दुपारी छापखान्यात नकला निघत होत्या. मशीनवरचा माणूस तिथे वीस वर्षं काम करत होता आणि सहसा कागद वाचायच्या भानगडीत पडत नसे. तो गठ्ठा सरळ करता करता म्हणाला, “ताई, हे आमंत्रणपत्रिकेसारखं झालं की. मजकूर एक, नावं फक्त वेगळी.”

“हं,” ती हसली.

मग हसू ओसरलं. तिने गठ्ठ्यातले दहा कागद काढले आणि मुद्रितं वाचावीत तसे एकाशेजारी एक ठेवून वाचले. दहाही ठिकाणी ‘असून’ दुसऱ्या ओळीच्या शेवटी. दहाही ठिकाणी तीच उपस्थिती. दोनशे अठ्ठ्याण्णव माणसं आणि त्यांना तोंड एक. कोणीही परका माणूस हे वाचून एकच निष्कर्ष काढेल: एका खोलीत बसून एका हाताने बनवलेलं आहे. आणि तो अगदी चुकीचाही नव्हता.

गोणी सकाळीच गेली होती. रद्दीचा लगदा करणाऱ्या कारखान्याच्या गाडीत.

तिने फोन हातात घेतला. अजून करण्यासारखं एक होतं. कंडक्टरला सावध करायचं, तिने उद्या उभं राहताच आपणहून सांगून टाकावं की भाषा आमच्या माणसाने एकसारखी केलीय, माणसं खरी आहेत, हवं तर बोलावून विचारा. ते पुरलं असतं.

“ताई!” पलीकडून बस डेपोच्या गोंगाटासकट आवाज आला. “मी तुलाच फोन करणार होते. बाईंनी मला त्यांचा राखाडी कोट दिलाय, उद्या घालायला! तोच गं, पायऱ्यांवरचा. बाह्या लांब होतात, पण दुमडेन. तू का केलास फोन?”

त्या कोटाला हात लावायची लालताईला लहानपणी परवानगी नव्हती. मोठेपणी तिने मागितला नव्हता. मागायचा असतो, हे तिला माहीत नव्हतं.

“काही नाही,” ती म्हणाली. “वेळेवर ये.”

सुनावणीच्या दालनात बाकांच्या आठ रांगा होत्या. आई पहिल्या बाकावर बसली. लालताई मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आवाज कुठपर्यंत येतो ते बघायला. आवाज येत होता. जरा जास्तच येत होता. राखाडी कोटाच्या बाह्या दुमडून कंडक्टर बोलत होती, अडखळत नव्हती, आणि सुनावणी अधिकारी चक्क मान वर करून ऐकत होता. आईची मान प्रत्येक वाक्याला किंचित हलत होती. लालताई ती मान बघत बसली होती आणि वाट बघत होती. कशाची, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

अधिकाऱ्याने गठ्ठा पुढे ओढला. एक कागद वाचला. दुसरा वाचला. मधून कुठूनतरी चार उपसले.

“‘सलग वास्तव्यास असून सदर दिवशी.’ हे सुतार आहेत. ‘सलग वास्तव्यास असून सदर दिवशी.’ या शिवणकाम करतात. हे रखवालदार, यांनाही तेच सुचलं.” त्याने चष्मा काढला. “मी आणि माझी बायको बावीस वर्षं एका घरात राहतो. आम्हा दोघांना एकच वाक्य आजवर एकदाही सुचलेलं नाही.”

दालनात हशा पिकला.

“हसू नका. हे जबाब घरी बसून तयार केलेले आहेत, असं मी का समजू नये? आणि हे बनावट असतील तर कारकुनाचा शेरा खोटा कशावरून?” त्याने पेनाचं टोपण काढलं.

कंडक्टर गठ्ठ्याकडे बघत राहिली. मग ती वळली आणि थेट शेवटच्या बाकाकडे पाहिलं, क्षणभरच. लालताईच्या छातीत एक ऊबदार समाधान पेटलं आणि काडीपेटीतली काडी जळते तेवढाच वेळ टिकलं. कारण कंडक्टर पुन्हा साहेबांकडे तोंड करून म्हणत होती, “साहेब, चूक माझी आहे. मी लिहिले सगळे. मला असलं लिहायला जमत नाही, म्हणून एकच साचा धरला.”

आईची मान हलली. तशीच, मघासारखी.

कोट दिला, जागा दिली, पाटीवरचं कौतुक दिलं. आता माझी चूकसुद्धा तिलाच द्यायची? लालताई उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यात तीनशे बारा नावं नव्हती. खरं सांगायचं तर फक्त एवढंच होतं.

“ती खोटं बोलतेय,” ती म्हणाली.

“कोण बोललं?” अधिकाऱ्याने विचारलं.

ती बाकांमधून पुढे गेली. “मी. जबाब मी लिहिलेत. लोकांनी आपापल्या भाषेत सांगितलं होतं, ह्या मुलीने तसंच्या तसं उतरवलं होतं. मी ते खोडून एकसारखं केलं.”

“मूळ कागद?”

“लगद्याला गेले. मीच रद्दीत टाकले.”

“कशासाठी?”

“मला वाटलं, लोकांना नीट बोलता येत नाही.”

अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. “आणि हे सगळे एकसारखे दिसतात, हे तुमच्या लक्षात कधी आलं?”

इथे खोटं बोलता आलं असतं. कोणी पकडलं नसतं.

“काल दुपारी.”

कंडक्टरने वळून बघितलं. कालचा फोन तिला आठवला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पहिल्या बाकावरचं आईचं डोकं मात्र वळलं नाही. पांढऱ्या केसांची छोटीशी गाठ, तशीच समोर.

“हे कागद मी बाजूला ठेवतो,” अधिकारी शेवटी म्हणाला. “बाहेर तुमची किती माणसं आहेत?”

“चौसष्ट,” कंडक्टर म्हणाली.

“एकेकाला आत पाठवा. तोंडी ऐकतो. माझा एक लेखनिक आहे, लिहून घ्यायला अजून एक जण द्या.”

लालताईने खिशातलं पेन काढलं.

“तुम्ही सोडून,” अधिकारी म्हणाला.

कंडक्टर खुर्ची ओढून लेखनिकाशेजारी बसली. लालताई बाहेर आली.

बाहेर जिन्यावर आणि व्हरांड्यात लोक बसले होते. तिने त्यांना सांगितलं, कागद चालले नाहीत, आता प्रत्येकाने आत जाऊन स्वतः बोलायचं आहे. एकदम कालवा झाला.

“आम्ही काय बोलणार साहेबापुढे?”

“तू लिहिलेलं किती झोकदार होतं गं!”

“घाबरता कशाला?” जिन्यावरून म्हातारे सुतारकाका उठले, काठी टेकत. “माझं पाठ आहे. नातीकडून चार दिवस घोकून घेतलंय. मी वरील पत्त्यावर गेली एकोणतीस वर्षे सलग वास्तव्यास असून—”

“माझंही पाठ आहे!” मागून दोघी म्हणाल्या.

चौसष्ट माणसं एकामागून एक आत जाणार आणि तेच वाक्य म्हणणार.

“काका, ते विसरा.”

“विसरा? चार दिवस घातले मी! ह्या वयात एवढं पाठ होणं काय खायचं काम आहे का?”

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. काय विचारायचं हे तिला सुचेना. नऊ वर्षांत तिने कोणालाच काही विचारलं नव्हतं, विचारून आणलेलं तेवढं सुधारलं होतं. शेवटी तिने वहीतलाच प्रश्न विचारला.

“त्या मंगळवारी तुम्ही काय करत होतात?”

“काय करणार? दार रंधत होतो.”

“कसलं दार?”

“घराचं. पावसाळ्यात फुगलेलं, लागेना. सकाळीच बिजागऱ्यांतून काढलं, उंबऱ्याबाहेर आडवं टाकलं आणि रंधा मारत बसलो, दिवस मावळेपर्यंत. सांगितलं होतं की मी त्या बसवालीला. तिने सगळं लिहून घेतलं.” ते हसले. “कारकून म्हणे दोनदा दार ठोठावून गेला. कुठलं दार? माझ्या घराला त्या दिवशी दारच नव्हतं.”

लालताईला तो कागद आठवला. दाराबद्दलच्या पाच ओळी, वाकड्या अक्षरात. तिने एकाच रेषेत खोडल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, ‘अनावश्यक.’

“हेच आत सांगा,” ती म्हणाली.

“दाराचं? साहेबापुढे? आणि ते सलग?”

“ते सोडा. दाराचं सांगा. मला सांगितलंत तसंच.”

काका आत गेले. दार लोटलेलं होतं, तरी कंडक्टरचा आवाज बाहेर आला, “‘दारच नव्हतं.’ लिहिलं, काका. मग?” पाठोपाठ अधिकाऱ्याचं खोकल्यासारखं हसू आलं. ते वाक्य आपल्या हाताने उतरवायला मिळावं म्हणून लालताईने त्या क्षणी काय वाटेल ते दिलं असतं.

निकाल आत्ताच सांगून टाकायला हरकत नाही. दारापाशी कारकुनाचा शेरा कोसळला तो कोसळलाच. हजर असलेल्या चौसष्ट जणांची नावं त्याच दिवशी परत लागली आणि उरलेल्या दोनशे अठ्ठेचाळीस जणांना तोंडी जबाबासाठी पुढच्या सोमवारची तारीख मिळाली. पण हे सगळं संध्याकाळी. दुपारभर लालताई जिन्यावर होती. एकेकाशेजारी बसायची, ऐकायची, आणि पाठ केलेलं वाक्य त्यांच्याकडून विसरवून घ्यायची. काही जणांना ते विसरायला वीस-वीस मिनिटं लागली.

दारावरचा शिपाई निवृत्तीला आलेला होता. मध्येच तो तिच्याजवळ येऊन वाकला.

“आत लिहायला बसलीय ती नर्सबाईंची मुलगी ना? मी आवाजावरूनच ओळखलं. मी नवा लागलो तेव्हा बाई ह्याच पायऱ्यांवर बसलेल्या. हुबेहूब तोच आवाज.”

“ती कंडक्टर आहे,” लालताई म्हणाली. “मुलगी मी.”

शिपायाने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

“असेल,” तो म्हणाला आणि दाराशी परत गेला.

शेजारी येऊन बसलेल्या धुणंवाल्या मावशींनी तिचा दंड हलवला. “अगं, माझा नंबर आला. काय सांगू?”

“मंगळवारचं सांगा.”

“मंगळवारचं कळायला सोमवारपासून सांगावं लागेल, बाई. सोमवारी माझी जाऊ आली होती.”

आतून पुन्हा तो आवाज आला, कोणालातरी “सावकाश, घाई नाही” म्हणणारा. लालताईने दाराकडे पाहिलं. मग ती मावशींकडे वळली.

“बरं,” ती म्हणाली. “सोमवारपासून सांगा.”